काशी ट्रेडर्सचा पत्ता

नंदिगड्ड्यात काशीच्या दारात जीप थांबली, तेव्हा ती अंगणात कंद धूत बसली होती. काशी ट्रेडर्सचा पत्ता शोधत जीएसटीचे साहेब कारवारहून आले होते. मातीचं घर आणि वाकलेली म्हातारी बघून त्यांचा चढा आवाज खाली आला.

"अव्वा, तुमच्या आधार-पॅनवर कुणीतरी कंपनी काढलीय. दोन कोटींची खोटी बिलं फाडलीत. बिलांवर महाबळेश्वर नावाची सही आहे. ओळखता याला?"

"व्हय. माझा ल्योक."

साहेब लिहिता लिहिता थांबले. "नीट विचार करून सांगा, अव्वा. हे लिहून घेतलं तर त्याला अटक होईल."

"त्याची शेवटची सही कवाची हाय?"

"मागच्या महिन्यातली."

काशीनं पदरात तोंड खुपसलं. चार वर्षांमागं महाबळेश्वर गोव्याला कामाला म्हणून गेला, तो परतलाच नव्हता. वाट बघून बघून गेल्या साली तिनं काळजावर दगड ठेवून त्याचे दिवस घातले होते.

"लिवा साहेब," ती हुंदके देत म्हणाली, "आनि बिगी बिगी पकडा त्याला. माझं पोर जित्तं हाय!"