सैल क्लॅम्प

थोरला भाऊ सोलापूर रस्त्यावरच्या अपघातात गेल्यापासून अनिरुद्धच्या डिझेल गाडीच्या इंजिनाला बाबांशिवाय कुणी हात लावत नसे. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दर रविवारी बॉनेट उघडून ते टर्बोचे रबरी पाइप दाबून बघायचे, तेलाचा ओघळ पुसायचे, पाइप आवळून धरणारे क्लॅम्प तपासायचे. तरी सोमवारी ऑफिसला जाताना, लोणी काळभोरच्या पुढे अनिरुद्धनं कितीही पाय दाबला, तरी गाडी काळा धूर ओकायची आणि साठच्या वर जायचं नाव घ्यायची नाही.

बाबांचे हात आता थकले, असं समजून त्यानं गाडी गुपचूप येरवड्याच्या गॅरेजात नेली.

मेकॅनिकनं टर्बोच्या पाइपवरचा क्लॅम्प नुसत्या बोटानं फिरवून दाखवला. "इथून हवा निसटतेय, गाडीला ओढ कुठून येणार? पण साहेब, हा आपोआप सुटलेला नाही. कुणीतरी जाणकारानं मापात सैल केलाय."

घरी आल्या आल्या अनिरुद्धनं विचारलं, "बाबा, क्लॅम्प तुम्ही सैल ठेवता?"

बाबा हातांवरचं ग्रीस पुसत राहिले.

"तुझ्या दादाची गाडी काय पळायची, आठवतं? तिचे सगळे क्लॅम्प मी घट्ट आवळायचो."