कोणी पुढे येईपर्यंत

"हलू नकोस," नवऱ्याच्या टायची गाठ सारखी करत ओपलबाई म्हणाल्या. "आणि ते नाव घेऊ नकोस."

चर्चच्या मागच्या लहान खोलीत दोघंच होती. भिंतीपलीकडे सीडर फोर्क गावची सगळी मंडळी बाकांवर येऊन बसली होती. पहिल्या बाकावर एरवी आमच्यापैकी कुणी मारून मुटकूनही बसत नाही. आज तिथे क्लेटन रेनफ्रो बसले होते. ते राज्याच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीला उभे होते, आणि त्यांच्यामागोमाग एक टीव्हीवाला कॅमेरा घेऊन आला होता.

"एकच तर वाक्य आहे," नवरा, म्हणजे आमचे पाळक ब्रदर हॅस्कल, म्हणाले. "माणूस चांगलाय. देवाला भिऊन असतो."

"असेल. मग दे की त्याला मत. मीही देईन एखाद वेळेस. पण व्यासपीठावरून नाव घ्यायचं नाही."

"आसपासचे सगळे पाळक माझ्या तोंडाकडे बघतायत, ओपल. मी बोललो की तेही बोलतील. अख्खा जिल्हा फिरेल."

"तेच म्हणतेय मी. या लोकांना तू बाप्तिस्मा दिलास, त्यांची लग्नं लावलीस, त्यांच्या आयांना माती दिलीस. तुझा आवाज कुठला आणि येशूचा कुठला, हे त्यांना आता कळेनासं झालंय. मला कळतं. मी तुझं घोरणं ऐकते."

ब्रदर हॅस्कल यांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते दाबलं. "मी त्याला शब्द देऊन बसलोय," असं म्हणून त्यांनी कॉलरला माईक लावला आणि बाहेर पडले. ओपलबाईही गेल्या आणि आपल्या पियानोपाशी जाऊन बसल्या.

प्रवचन झकास झालं. खोटं कशाला बोला, हॅस्कल बोलायला लागले की म्हाताऱ्यांचीसुद्धा पेंग उडते. विषय मेंढपाळाचा होता. खरा मेंढपाळ कसा ओळखावा, कळपाला कोण सांभाळतं आणि कोण नुसती लोकर कातरतं. बोलता बोलता ते व्यासपीठाच्या कठड्यावर पुढे झुकले आणि त्यांचा आवाज खाली आला.

"तर मंडळी, परवा मंगळवारी आपल्या राज्याला एक मेंढपाळ निवडायचाय. आणि तो कोण, हे आज मी तुम्हाला..."

रेनफ्रोंनी कोटाचं बटण लावलं. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.

आणि पियानो सुरू झाला.

आमच्याकडे प्रवचन संपलं की ब्रदर हॅस्कल पियानोकडे बघून मान हलवतात. मग ओपलबाई ते शेवटचं, हळुवार गीत धरतात. ज्याच्या मनावर काही ओझं असेल त्याने तेवढ्यात उठून पुढे यायचं, गुडघे टेकायचे आणि मोकळं व्हायचं. सगळ्या संसारात ओपलबाईंनी इशाऱ्याआधी पट्टीवर बोट टेकवलं नव्हतं. आज मान कुणीच हलवली नव्हती.

पण लोकांना काय, सवय. सूर कानावर पडले तशी सगळी मंडळी उठून उभी राहिली, पुस्तकं उघडली आणि गायला लागली. हॅस्कल यांच्या तोंडातलं नाव तोंडातच राहिलं.

कोणी पुढे आलं नाही. गीत संपत आलं तसा हॅस्कल यांनी थांबण्यासाठी हात वर केला. ओपलबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यांनी पुन्हा हात वर केला. त्या पुन्हा पहिल्या कडव्यावर आल्या.

आता मंडळी गाता गाता एकमेकांकडे चोरून बघायला लागली. ओपलबाई थांबत नाहीत म्हणजे आज कुणाचं तरी मोठंच पाप असणार, आणि तो पुढे येईपर्यंत त्या थांबणार नाहीत. व्हर्नन स्कॅग्ज उगाचच घामाघूम झाले, तशी त्यांची बायको त्यांच्याकडे रोखून पाहू लागली. रेनफ्रोंनी पुस्तकाचं भलतंच पान उघडलं होतं. शेजारच्या ब्यूलाबाईंनी आपलं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं आणि ओळीवर बोट ठेवून दिलं. मागच्या स्वयंपाकघरातून उपासनेनंतरच्या जेवणासाठी ठेवलेला मक्याचा पाव करपल्याचा वास यायला लागला, पण गाणं सोडून ओव्हनपाशी जायची कुणाची टाप नव्हती.

हॅस्कल यांनी रागाने पियानोकडे पाहिलं. ओपलबाईंचं लक्ष ना पुस्तकाकडे होतं, ना पट्ट्यांकडे. त्या थेट हॅस्कल यांच्याकडेच बघत होत्या. चारचौघांत नवऱ्याचा शब्द त्यांनी आजवर कधी मोडला नव्हता, आणि आज मोडताना त्या भ्यायल्या होत्या. तरी बोटं थांबत नव्हती. या बाईचा आपल्यावर किती जीव आहे, हे हॅस्कल यांना भर उपासनेत, उभ्याउभ्या कळलं आणि त्यांचा राग कुठल्या कुठे गेला.

त्यांनी समोरचे कागद मिटले. कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. पियानोपाशी आले आणि कष्टाने दोन्ही गुडघे टेकले.

सगळं चर्च गायचं थांबलं. नुसता पियानो वाजत राहिला.

"आलो गं बाई, आलो," ते हलकेच पुटपुटले. "आता तरी थांब."

कॉलरचा माईक चालूच होता. ती कुजबुज साऱ्या भोंग्यांतून पार दाराबाहेरच्या मोटारींपर्यंत ऐकू गेली.

ओपलबाईंनी बाहीनेच डोळे पुसले, एका हाताने वाजवत.

"थांबते," त्या म्हणाल्या. "एवढं कडवं होऊ दे."