कार्डावर नसलेलं वाक्य

"फास्ट पावलं नव्हे गं बाई! फास्ट तुझी कोचीची बस. इंग्रजीत पावलं क्विक असतात. पुन्हा म्हण," अलियम्मा टीचर खुर्चीतूनच ओरडल्या.

जिस्मीने जीभ चावली. उद्या तिची इंग्रजीची परीक्षा. पास झाली की आयर्लंडच्या इस्पितळात नर्स. केरळातल्या पाला गावच्या या क्लासातून पोरींचे घोळके असेच उडून जात. इंग्रजीत कुठल्या पावलाशी, कुठल्या चालीशी कुठला शब्द नांदतो, हे टीचरनी घोकून घेतल्याशिवाय एकही विमानात चढली नव्हती. त्यांची स्वतःची मुलगी निमीसुद्धा.

परीक्षेत नर्सला पेशंटशी बोलून दाखवावं लागतं. क्लासात पेशंटचं सोंग टीचरचं. आज त्या खुब्याचं ऑपरेशन झालेल्या अम्मच्ची, म्हणजे म्हाताऱ्या आजीबाई होत्या. फारसं सोंग आणावं लागलं नाही. गुडघे हल्ली खरेच कुरकुरत.

"उठा बघू, अम्मच्ची," जिस्मी इंग्रजीत म्हणाली. "लहान लहान पावलं टाकायची. संथ, एकसारख्या चालीनं. तुम्हाला झेपेल तसं."

शब्द चपखल बसले होते. टीचर टेबलाला धरून उठल्या आणि त्यांनी पहिलं पाऊल टाकलं.

"घरी सोबतीला कोण असतं तुमच्या?"

पेशंटच्या भूमिकेच्या कार्डावर उत्तर छापलेलं होतं: मुलगी जवळच असते. आजवर इतक्या पोरींना टीचरनी ते दिलं होतं की झोपेतही आलं असतं.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या.

कार्ड एव्हाना जिस्मीलाही पाठ होतं. ती गडबडली. मग पुढे होऊन तिने टीचरचा दंड धरला.

"घाबरू नका. मी आहे ना," ती म्हणाली, आणि तेही मल्याळममध्ये.

टीचर जागीच थांबल्या. त्यांना एकदम फार एकटं वाटलं. निमी या वेळी तिकडे कुणाच्या तरी आईला असाच दंड धरून चालवत असेल. लहान लहान पावलं, म्हणत असेल. शब्द त्यांनीच शिकवलेले.

"टीचर, चुकलं का माझं?"

"नाही गं. पास होशील तू." त्यांनी हळूच आपला हात सोडवून घेतला. "फक्त ते 'मी आहे ना' म्हणू नकोस. ते कार्डावर नाही."