अंगणासमोरचं दुकान

शनिवारी सकाळी शेवंतानं दार उघडलं, तर बेळगावातलं कापडाचं दुकान चालत सीमा ओलांडून तिच्या अंगणासमोर येऊन बसलं होतं. शिनोळीच्या इतक्या बायका तिकडे खरेदीला जात, की दुकानच त्यांच्याकडे आलं.

"बरं झालं," नवरा रवळू म्हणाला. "आता दर शनिवारचं बेळगाव बंद."

शेवंता पिशवीचे बंद पिळत राहिली. पळून जाऊन लग्न केलेल्या लेकीचं, सुवर्णाचं, नाव रवळूसमोर काढायची सोय नव्हती. खरेदीच्या निमित्तानं त्याच दुकानाच्या पायरीवर मायलेकी भेटत. लेकीला आता आठवा महिना होता.

पहिल्या दिवशी काहीच खपलं नाही, तर अशी दुकानं परत फिरत. शेवंता घरोघर गेली. "आजचा दिवस काही घेऊ नका गं," एवढंच म्हणाली. बायकांनी कारण विचारलं नाही.

दिवेलागणीला दुकान निघायच्या बेतात होतं, तेवढ्यात रवळू हिरवा खण घेऊन त्यातून बाहेर पडला. दुकान पुन्हा खाली बसलं. शेवंताही मटकन बसली.

"ओटीला लागेल," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "उद्या जा आणि तिला घेऊन ये. पायरी आता इकडेच आहे."