बावीस डिग्री

कूलर बैठकीत नव्हता. महागावच्या एसटीतून उतरून भर दुपारी आलेल्या तानाबाईने लेकीकडे पाहिलं. प्रेरणाला आठवा संपत आला होता. ती ओला टॉवेल पांघरून फरशीवर पडली होती आणि वरचा पंखा मे महिन्याची गरम हवा खोलीभर फिरवत होता.

"कूलर बिघडला काय वं?"

प्रेरणाने नुसतं मागच्या खोलीकडे बोट केलं.

कूलर तिथे होता, फुल स्पीडवर. त्याच्यासमोर पाण्याने भरलेल्या टबात एक पांढरा ड्रम होता, त्याला ओलं बारदान गुंडाळलेलं आणि टबात बर्फाच्या बाटल्या. शेजारी खुर्ची टाकून जावईबापू अंकुरराव थर्मामीटर धरून बसले होते. त्यांना कोणी बसवलं नव्हतं, पण चेहऱ्यावर मात्र आयसीयूत ड्युटी लागल्याचा भाव होता.

"या आई. दार लोटून घ्या, गारवा जातो."

"हे काय होय, जवाईबापू?"

"बिअर. घरची, एकदम शुद्ध." मग कोणी विचारलेलं नसताना त्यांनी सगळं समजावलं. आत खमीर म्हणजे यीस्ट असतं, ते जिवंत असतं आणि फार नाजूक असतं. बावीस डिग्रीच्या फार वर गेलं की त्याला सोसत नाही, चव नासते. पहिले पाच दिवस डोळ्यात तेल घालून जपावं लागतं.

"आमच्या इकडे गाभण म्हशीलेबी उन्हात नाही बांधत," तानाबाई म्हणाली.

"तेच तर! टेम्परेचरच सगळं आहे," अंकुरराव खूश होऊन म्हणाले. एवढा शिकलेला माणूस, पण टोमणा त्यांच्या डोक्यावरून गेला.

तानाबाईने टबातली एक बाटली उचलली. लेकीचे पाय सुजून टम्म झाले होते, तळव्यांना लावावी म्हणून.

"ती नका घेऊ, आई. अर्ध्या डिग्रीचा फरक पडतो."

तिने बाटली खाली ठेवली नाही. "मी पोरीले न्यायले आली," ती म्हणाली. "पहिलं बाळंतपण माहेरीच होत असते."

"फोनवर तीनदा सांगितलं ना मी. महागावला लाईट जाते. तिला गरमी सहन होणार नाही." हे बोलताना त्यांना जराही लाज वाटली नाही. मग दारातून प्रेरणा खरंच कपडे भरायला उठलेली दिसली, तशी त्यांची शुद्ध भाषा सुटली. "अवं, उद्या मले ऑफिस हाये! मंग दर अर्ध्या तासानं बारदान कोण ओलं करन?"

तानाबाईने लेकीकडे वळून पाहिलं. "तू करून राह्यलीस हे?"

"रातीबी," प्रेरणा पिशवीत साडी कोंबत म्हणाली. "अलार्म लावून देतात न हे."

तानाबाईने हातातली बाटली पिशवीत टाकली. तिने लेकीच्या पायांत चपला सरकवल्या, पिशवी आपल्या खांद्याला अडकवली आणि तिला धरून बाहेर थांबवून ठेवलेल्या ऑटोपर्यंत नेलं.

अंकुरराव मागोमाग फाटकापर्यंत आले, तेही थर्मामीटर घेऊनच. "निदान तीन दिवस थांबा ना, आई."

"पोरगं झालं का पोरगी, ते फोनवर सांगू," ऑटोत बसता बसता तानाबाई म्हणाली. "तुम्ही तुमच्या ड्रमले टाकून येऊ नोका."