दिवसाचं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात गहिनीनाथ दोन कोसांवरून पाणी आणायचा; नगरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, “कॅन्सरची सुई दिली की बाईंना दिवसभर पाणी पाजा, नाहीतर औषध मूत्रपिंडंच निकामी करेल.” बायको मालनबाई मुंडी हलवायची, तांबेही रिकामे व्हायचे. आज ती म्हशीला तांब्या पाजताना सापडली. त्यानं कपाळ बडवलं. “अगं, सुई तुला दिली का म्हशीला?” “म्हस उभ्या जागी मोकळी हुतीया. आमी बायकांनी दिवसाढवळ्या कुठं जायचं? अंधार पडंस्तवर कळ काढावी लागती.” वीस वर्षांच्या संसारात हे त्याला ठाऊक नव्हतं, त्यानं विचारलंच नव्हतं. त्यानं गोठ्याच्या कोपऱ्याला ठेवणीतलं धोतर आडवं बांधलं, भरला तांब्या तिच्या हाती दिला आणि काठी घेऊन बाहेर बसला. “काय राखतोयस रं?” शेजाऱ्यानं विचारलं. तो खेकसला, “बायकू पाणी पितीया, दिसत न्हाई?”