लाल मातीतली फुली

"कापडाला ऊन दाखवू नका, माती लावू नका!" ॲरिझोनातल्या तळावर पॅराशूटांच्या घड्या घालणाऱ्या लोरेटाचा हा धोशा. "पोरीलाही एवढं जपत नसशील," सगळे चिडवायचे. आज तिला नवी दोरी टेबलावरच दिसली. लेकीनं, टॅमीनं, ती लावलीच नव्हती! तिच्या पाठीवरचं पॅराशूट बंद ठेवणारी जुनी दोरी विरली होती. विमानाच्या दारातच तुटली, तर कापड शेपटीत गुंतून सगळेच जाणार. उडीसाठी लेकीचं विमान उडालेलं. रेडिओवर नुसती खरखर. खाली पांढरी फुली दिसली, तरच उड्या थांबायच्या. लोरेटानं स्वतःची पांढरीशुभ्र पॅराशूटं उपसली, निवडुंगांतून फरफटत नेली, लाल मातीत फुली मांडली. "टॅमे, खाली बघ गं!" विमान पुढेच चाललेलं. मग वळलं. विमान उतरताच टॅमी हसत आली. "आई, कापडाला माती?" लोरेटानं तिला वळवून दोरीला नुसतं बोट लावलं. तुटली.